ऑडिटच्या दिवशी निघणारी टेप

ताई, नमस्कार.

मी १९ वर्षांचा आहे, गाव वाशीम जिल्ह्यात. आयटीआयला फिटर ट्रेड केला. गावाकडच्या ओळखीने भोसरी एमआयडीसीत एका शेडमध्ये ठेकेदाराकडून लागलो. गाड्यांचे छोटे पार्ट बनतात. सुरुवातीला हेल्पर म्हणून पेट्या उचलायचो. मग एक ऑपरेटर गावी गेला आणि सुपरवायझरने मला पॉवर प्रेसवर (जोराने दाब देऊन पार्ट घडवणाऱ्या मशीनवर) उभं केलं. शेजारच्या काकांनी पाच-दहा मिनिटं दाखवलं, तेवढंच. मशीनला दोन बटणं आहेत, दोन्ही दाबली की स्ट्रोक येतो, म्हणजे वरचा भाग खाली येऊन दाब देतो. पण एका बटणावर काळी टेप गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवलंय. एका हाताने पीस लावायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. काका म्हणतात, सगळे असंच चालवतात, नाहीतर टार्गेट होत नाही. काकांचं स्वतःचं एक बोट अर्धं नाही. मध्ये कस्टमरचं ऑडिट होतं तेव्हा टेप काढली, दुसऱ्या दिवशी परत लावली. पीस डायमध्ये (साच्यात) अडकला की हाताने काढावा लागतो, तेव्हा छातीत धडधडतं. रूमवरचे मित्र म्हणतात, भित्रा आहेस, महिन्याभरात सवय होईल. घरी पैसे पाठवायचे असतात, नोकरी गेली तर पंचाईत. गावचाच एक १७ वर्षांचा मुलगा माझ्याबरोबर आहे, त्यालाही आता प्रेसवर घेणार म्हणतात. मी काय करू? घरी सांगू का?

— एक नवा ऑपरेटर, भोसरी

प्रिय मित्रा,

तू भित्रा नाहीस. त्या शेडमध्ये मशीनकडे नीट बघणारा बहुधा तूच आहेस. बाकीच्यांनी बघणं सोडून दिलंय.

पुढचं सगळं सावकाश वाच, पण एक गोष्ट उद्याच्या शिफ्टपासून पाळायची. डायमध्ये हात घालायचा नाही. पीस अडकला तरी नाही, सुपरवायझर मागे उभा राहून ओरडत असला तरी नाही. पीस अडकला की मशीन बंद करायचं, फ्लायव्हील (मशीनचं जड चाक) पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं आणि मग चिमट्याने किंवा हुकाने पीस काढायचा. स्विच बंद केला म्हणजे प्रेस थांबला असं नसतं. मोटार बंद झाल्यावरही ते जड चाक बराच वेळ फिरत राहतं आणि त्या फिरण्यात रॅम (वरखाली होणारा दाबाचा भाग) खाली आणण्याएवढा जोर शिल्लक असतो. चुकून बटण दाबलं गेलं किंवा पेडलवर पाय पडला, तर मोटार बंद असूनही स्ट्रोक येऊ शकतो. तुझ्या काकांनी पाच-दहा मिनिटांत हे सांगितलं नसणार, कारण त्यांनाही कुणी सांगितलेलं नसेल.

आता त्या दोन बटणांचं. ती कशासाठी दिली आहेत? रॅम खाली येतो तेव्हा तुझे दोन्ही हात बटणांवर अडकलेले असावेत, म्हणजेच डायपासून लांब असावेत, एवढ्यासाठीच. एक बटण टेपने बांधलं की तुझा एक हात मोकळा झाला, आणि मोकळा हात पिसाकडेच जाणार. पीस जरा तिरका बसला की तो सरळ करायला बोटं आपोआप पुढे होतात. त्यात विचार नसतो, हाताची सवय असते. त्याच क्षणी दुसरा हातही सवयीने बटण दाबून मोकळा होतो. अपघात असा होतो. नंतर रजिस्टरमध्ये लिहिलं जातं: कामगाराचा निष्काळजीपणा.

तू फिटर आहेस म्हणून आणखी एक सांगते. चांगल्या सर्किटमध्ये दोन्ही बटणं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत बरोबरच दाबावी लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात. तसं झालं नाही तर पुढचा स्ट्रोक येतच नाही. म्हणजे टेप लावून मशीन चालतंय, याचा अर्थ एकतर सर्किट जुनं आहे किंवा कुणीतरी ते बायपास केलंय. टेप काढणं ही पहिली पायरी झाली, सर्किट दुरुस्त करून घेणं मेंटेनन्सचं काम आहे. तू स्वतः पॅनल उघडायचं नाही.

शेडमध्ये जुने पेडलचे प्रेस असतील तर त्यांच्याबद्दल जास्त सावध राहा. असा पिन-क्लचचा (पिनने फ्लायव्हीलला जोडला जाणारा) प्रेस एकदा सुटला की मध्ये थांबवता येत नाही, फेरी पूर्ण करूनच थांबतो. म्हणून त्याला पुढे लाइट कर्टन (हात आडवा आला की ओळखणारा सेन्सर) लावूनही उपयोग नसतो. सेन्सरला हात दिसला तरी रॅम थांबवणार कोण? क्लचची पिन किंवा स्प्रिंग झिजली की पेडल एकदा दाबल्यावर दोन स्ट्रोक येतात. शॉपफ्लोअरवर त्याला डबल स्ट्रोक म्हणतात, आणि बोटं जाण्याच्या कितीतरी कहाण्या त्या दुसऱ्या स्ट्रोकच्या असतात. अशा मशीनला डायच्या पुढे पक्कं गार्ड हवं, पीस सरकेल पण बोट जाणार नाही एवढ्याच फटीचं. डबल स्ट्रोक एकदा जरी आला तरी मशीन तिथेच बंद करून सांगायचं. "आधीपण व्हायचं, काही होत नाही" हे उत्तर आलं तरी परत चालू करायचं नाही.

मित्र म्हणतात ते सवयीचं. कॅनडात ओंटारिओमधल्या संशोधकांनी कामगारांच्या नुकसानभरपाईच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की, कामाच्या पहिल्या महिन्यात रजा घ्यावी लागेल अशी दुखापत होण्याचा धोका वर्षाहून जुन्या कामगाराच्या तिपटीहून जास्त असतो. वय कितीही असो. चाळिशीचा माणूसही नव्या मशीनवर नवाच. आणि तरुणांचं म्हणशील तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं होतं की, १५ ते २४ वयाच्या कामगारांमध्ये जीवघेण्या नसलेल्या दुखापतींचं प्रमाण मोठ्या वयाच्या कामगारांपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जास्त आहे. तू दोन्हींत बसतोस. तरुणही आणि नवाही.

याचं कारण पोरं वांड असतात हे नाही. मी इतकी वर्षं पिंपरी-चिंचवडच्या शॉपफ्लोअरवर सुरक्षेचं शिकवते आहे. नवा मुलगा बहुतेक वेळा सगळ्यात शहाण्यासारखा वागत असतो. पण काकांना क्लचचा आवाज बदलला की कळतं, त्याला कळत नाही. कोणत्या डायमध्ये पीस चिकटतो, कोणतं मशीन रात्री गरम झालं की घसरतं, हे त्याला कुणी सांगत नाही. विचारावं तर "एवढं पण येत नाही का?" हे ऐकावं लागतं, म्हणून तो विचारत नाही. त्यात ठेकेदाराचा माणूस आज प्रेसवर, उद्या ड्रिलवर, परवा पेंट शॉपमध्ये. तो रोजच नवा. मित्र म्हणतात तशी महिन्याभरात भीती जाईलही, पण टेप तिथेच असेल आणि डबल स्ट्रोकही यायचा तेव्हा येईलच.

म्हणून विचारायला शीक. सुरुवात काकांपासून कर. चहाच्या सुट्टीत शांतपणे विचार, "काका, तुमचं बोट कसं गेलं?" अजून तू विचारलं नसशील, लाज वाटते म्हणून. विचार. कोणतं मशीन, कोणती शिफ्ट, हात आत का गेला, नंतर पैसे मिळाले का, सगळं. त्यांनी तुला चुकीची पद्धत शिकवली म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनाही टार्गेट आहे, घर आहे. खरंतर टेपच्या विरोधात बोलायला तुझ्याआधी त्यांचाच हक्क आहे, आणि तू विचारलंस तर कदाचित ते बोलतीलही.

मग सुपरवायझर. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य ऑडिटचं आहे. ऑडिटच्या दिवशी टेप निघाली, म्हणजे टेप चुकीची आहे हे सुपरवायझरला, मालकाला, सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या दिवशीही माल निघालाच ना? म्हणजे टेपशिवाय मशीन चालतं. तुला कुणाला नवीन काही पटवायचं नाहीये. त्यांनी स्वतः एक दिवस जे केलं तेच रोज करा, एवढंच म्हणायचंय. फक्त ते आरोप वाटेल असं म्हणू नकोस. दहा जणांसमोर "तुम्ही टेप लावता" म्हणालास तर तो स्वतःचा बचाव करत बसेल. एकट्याला गाठून, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी असं काहीसं म्हण: "साहेब, मी नवीन आहे, ऑडिटला चालवला तसा दोन्ही बटणांवर चालवतो. सुरुवातीला पीस थोडे कमी पडतील, हात बसला की भरून काढतो. आणि अडकलेला पीस काढायला चिमटा द्या." चिमटा मागणं सोपं असतं, त्याला कुणी सहसा नाही म्हणत नाही. पार्ट लोखंडी असेल तर दांड्याचं मॅग्नेट मिळतं, तेही चालेल. ॲल्युमिनिअमला मॅग्नेट लागत नाही, तिथे चिमटा किंवा हुकच.

हेच बोलणं संध्याकाळी सुपरवायझरला आणि ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर पाठव. दोन ओळी, नम्रपणे, मशीन नंबर आणि तारीख घालून. धमकी नको, तक्रारीचा सूर नको. "आज बोललो त्याप्रमाणे मशीन नंबर अमुकचं दुसरं बटण आणि चिमटा यांची व्यवस्था करावी ही विनंती." उद्या काही झालंच तर तू आधी सांगितलं होतंस याचा तो कागद आहे. लेखी आलं की साहेबलोक जरा हलतात, हाही माझा अनुभव आहे.

ठेकेदार म्हणेल कंपनीला सांग, कंपनी म्हणेल ठेकेदाराला सांग. या खेळात अडकू नकोस. तुझा पगार कुणीही देवो, कारखान्याच्या चार भिंतींच्या आतली सुरक्षा ही कारखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमातही ठेकेदाराचा माणूस कामगारच धरलेला होता. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि सुरक्षेची माहिती व प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क ठरला. आता त्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे आणि समोर धोका दिसत असेल तर तसं सांगण्याचा हक्कही आहे. तुला नियुक्तिपत्र मिळालंय का? पत्रात तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे बहुधा नसेल. ते माग.

बोलून, लिहून काहीच झालं नाही तर पुण्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय आहे, ज्याला सगळे फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतात. तिथे तक्रार करता येते. तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने उघड करायचं नाही, हे बंधनही १९८७ च्या दुरुस्तीनेच घातलं होतं. तरी व्यवहाराचं सांगते. शेड लहान असेल तर नाव न सांगताही मालक अंदाज बांधतो. म्हणून ही पायरी एकट्याने चढू नकोस, काका आणि आणखी दोघे-चौघे बरोबर असले तर चढ. एखाद्या युनियनचं ऑफिस जवळ असेल तर आधी तिथे जाऊन ये. ठेकेदाराच्या मुलांनाही ते सल्ला देतात.

पगाराची स्लिप बघ. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापतात का? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय लागू होतं. तुझ्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. १५,००० पगार धरला तर तुझे जेमतेम ११३ रुपये. या पैशांवर कामावरच्या अपघातात पूर्ण उपचार मिळतात आणि काम करता येत नाही तितके दिवस पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात पेन्शन. आणि कामावरच्या अपघातासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. तुझी नोंदणी मात्र वेळेत झालेली असू दे. नवीन मुलांची नोंदणी "पुढच्या महिन्यात करू" म्हणून लांबवतात आणि अपघात झाला की धावपळ करून त्याच दिवशीची करतात, हे सर्रास चालतं. म्हणून उद्याच विमा नंबर माग. तो दहा आकडी असतो. दिला नाही तर का नाही ते विचार. ईएसआय लागूच नसेल इतकी लहान जागा असेल तर मालकाला भरपाई द्यावी लागते, हेही ठाऊक असू दे. आधी हे १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात होतं, आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे.

आणि काही झालंच तर. हे लिहायला नको वाटतं, पण तुला आणि तुझ्या गावच्या त्या मुलालाही ठाऊक असायला हवं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, हात वर ठेवायचा, १०८ ला फोन करायचा. तुटलेलं बोट सापडलं तर ते स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकायचं नाही, मग ते जोडण्याच्या लायकीचं राहत नाही. पिंपरीचं वायसीएम हॉस्पिटल, चिंचवडला मोहननगरचं ईएसआय हॉस्पिटल, कुठेही न्या, पण हाताची सर्जरी करणारा डॉक्टर आहे का हे जातानाच फोनवर विचारा. आणि केस पेपरवर "कामावर, प्रेस मशीनमध्ये" असंच लिहून घ्या. बरोबर आलेला माणूस "घरी पडला सांग, बिल आम्ही भरतो" म्हणेल. एकदा तसं लिहिलं गेलं की ईएसआयची आणि भरपाईची दोन्ही दारं बंद होतात आणि बिल भरणारा आठवड्यात फोन उचलायचा बंद होतो.

तुझ्या गावच्या १७ वर्षांच्या मुलाचं मात्र थांबण्यासारखं नाही. १८ च्या आतल्या मुलाला धोके समजावून, नीट शिकवल्याशिवाय किंवा जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय धोक्याच्या मशीनवर उभं करायचं नाही, ही मनाई १९४८ च्या कायद्यातच होती आणि पॉवर प्रेस अशाच मशीनमध्ये मोडायचा. त्याच्या वयाचा खरा कागद ठेकेदाराकडे आहे की वय वाढवून दाखवलंय, हे त्याच्याकडून काढून घे. त्याच्या आईवडिलांना फोन करून सांगायची जबाबदारी तू घे, तो स्वतः सांगणार नाही. त्याला पॅकिंगला किंवा इन्स्पेक्शनला ठेवा असं सुपरवायझरला म्हणता येईल. ते नाहीच झालं तर त्याला गावी पाठवून आयटीआयला घालणं जास्त बरं. एवढं मी ठामपणे सांगते.

तुझ्या नोकरीचं. रागाच्या भरात सोडू नकोस. पण "दोन्ही बटणांवर चालवायचं असेल तर घरी जा" असं स्पष्ट उत्तर आलं, तर त्या मशीनवर उभा राहू नकोस. दुसरं काम माग, आणि तेही मिळालं नाही तर निघ. तू फिटर आहेस. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात तुझ्या ट्रेडला काम मिळतं, आणि अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर मोठ्या कंपन्यांच्या जागा येतात. स्टायपेंड कमी असतो, पण शिकवतात, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली दुखापतीची जबाबदारी मालकावर असते. बाहेर पडायच्या आधी तिथे अर्ज करून ठेव, म्हणजे घरचे पैसे थांबणार नाहीत.

आणि घरी सांगायचं. हो, सांग. आईला बोटांचं वर्णन करून सांगायची गरज नाही, ती रात्रभर जागी राहील. मोठा भाऊ, मामा, चुलता, जो शांत डोक्याने ऐकेल त्याला सांग. कंपनीचं नाव आणि पत्ता, ठेकेदाराचं नाव आणि फोन, तुझा ईएसआय नंबर, रूमवरच्या एका मित्राचा नंबर, आणि सुपरवायझरला पाठवलेल्या त्या व्हॉट्सॲपचा फोटो त्याच्या फोनमध्ये पाठवून ठेव. तुझ्या रूमवरच्या मुलांनीही आपापल्या घरी हेच पाठवावं. हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

तुझी,
ताई